टार्पन बलवान की जायंट ट्रेव्हली?

प्रश्न : गळाने केल्या जाणाऱ्या मासेमारीच्या चित्रफिती मी आणि माझा धाकटा भाऊ आवडीने पाहतो. किनाऱ्यालगत सापडणाऱ्या माशांत टार्पनइतका बलाढ्य मासा दुसरा नाही, असे त्याचे म्हणणे आहे. मला जायंट ट्रेव्हली अधिक ताकदवान वाटतो. विक्रमी वजने पाहिली तर टार्पन पुढे दिसतो, पण ट्रेव्हली ओढताना माणसांची जी दमछाक होते ती पाहून त्या वजनांवर विश्वास बसत नाही. या दोघांची तुलना कोणत्या मापाने करावी?

उत्तर : आपल्या घरातल्या या वादात दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, अपुरे आहे ते माप. वजनाचा मुद्दा आधी हातावेगळा करू. गळाने पकडलेल्या टार्पनचा जागतिक विक्रम सुमारे १३० किलोंचा असून तो मासा २००३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशात रुबाने येथे मिळाला. जायंट ट्रेव्हलीचा विक्रम ७२.८ किलोंचा आहे आणि तो २००६ मध्ये जपानच्या कागोशिमा प्रांतातील तोकारा बेटांजवळ नोंदवला गेला. एवढ्यावर थांबलो तर आपल्या भावाचा विजय झाला असेच म्हणावे लागेल. परंतु दोन्ही मासे एकाच लांबीचे घेतले की पारडे फिरते. १२० सेंटिमीटर लांबीचा टार्पन २० किलोंच्या आत-बाहेर भरतो, तर तेवढ्याच लांबीचा ट्रेव्हली ३० ते ३५ किलोंपर्यंत जातो, कारण टार्पनचे अंग लांबट आणि दोन्ही कुशींनी चपटे असते, तर ट्रेव्हली छातीशी उंच, जाड आणि गच्च भरलेला असतो. चित्रफितीत आपल्याला जी ताकद जाणवते ती या भरलेल्या अंगाची आहे.

तरीही वजन आणि लांबी ही वरवरची मापे झाली. टार्पनचे शरीर वाईट पाण्यात तग धरण्यासाठी घडलेले आहे आणि ट्रेव्हलीचे शरीर चांगल्या पाण्यात भक्ष्य गाठण्यासाठी, हा या दोघांमधला खरा फरक असून बाकीचे बहुतेक फरक त्यातूनच निघतात.

टार्पन हा फार जुन्या घराण्यातला मासा आहे. दिसायला तो एखाद्या अवाढव्य हेरिंगसारखा वाटत असला, तरी त्याचे जवळचे नाते वाम आणि अहिर यांच्या गटाशी आहे, आणि याचा पुरावा त्याच्या बालपणात सापडतो. अंड्यातून बाहेर पडल्यावर काही दिवसांतच त्याची अळी काचेसारखी पारदर्शक, रिबिनीसारखी चपटी आणि सुळे असलेली होते. खोल समुद्रातून किनाऱ्याकडे वाहत येताना ती सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढते, मग चक्क आकसून जवळजवळ निम्मी होते आणि त्यानंतर पुन्हा वाढू लागते तेव्हा कुठे तिला माशाचे रूप येते. हे इवलेसे पिल्लू खारफुटीच्या मागे, भरतीचे पाणी क्वचितच पोहोचते अशा डबक्यांत जाऊन राहते. तिथले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते, तळाशी कुजणाऱ्या पानांमुळे त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि त्यात विरघळलेला प्राणवायू नावापुरताच उरलेला असतो. मोठे शिकारी मासे तिथे गुदमरतील, म्हणून ते येत नाहीत. टार्पनचे पिल्लू मात्र पृष्ठभागावर येऊन हवा गिळते आणि निर्धास्त वाढते. हीच सोय मोठेपणीही त्याच्या अंगात कायम राहते आणि गळाला लागल्यावर ती कामी येते.

जायंट ट्रेव्हली कॅरॅन्जिडी या कुळातला आहे. मराठीत ज्याला हलवा म्हणतात तो मासाही याच कुळातला, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. या कुळाची ख्याती वेगाने पोहण्याबद्दल आहे, आणि ट्रेव्हलीची शेपूट पाहिली की ती का आहे हे कळते: शेपटीचा देठ बारीक पण कणखर, त्याच्या दोन्ही बाजूंना कठीण खवल्यांचा कणा आणि मागे खोलवर दुभंगलेले, कोयत्यासारखे पाते. छातीवरचे परही विळ्यासारखे लांब आणि वाकडे असतात. याचीही पिल्ले खाड्यांच्या गढूळ, निमखाऱ्या पाण्यात वाढतात. पण त्यांचा सगळा भरवसा कल्ल्यांवर असतो आणि अंग वाढू लागले की ती प्रवाळ खडकांच्या, वाहत्या आणि स्वच्छ पाण्याकडे सरकतात.

आता झुंजीकडे वळू. गळ लागताच टार्पन पाण्याबाहेर झेपावतो, कधी सहज माणसाच्या उंचीइतका, आणि हवेत असताना डोके असे झटकतो की त्याच्या कल्ल्यांची झाकणे खडखड वाजलेली नावेतल्या माणसाला ऐकू येतात. त्या क्षणी अनुभवी माणूस पुढे झुकतो, गळाची काठी माशाच्या दिशेने धरतो आणि दोर मुद्दाम सैल सोडतो. टार्पनला ‘रुपेरी राजा’ म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे या झुकण्याला राजाला केलेला मुजरा असेही म्हटले जाते, परंतु त्यामागचे कारण सरळ आहे. पाण्यात असताना माशाचे वजन पाणी पेलते. तो हवेत गेला की सगळे वजन ताणलेल्या दोरावर येते, आणि मग दोर तरी तुटतो किंवा गळ तरी निसटतो. गळ निसटण्याची शक्यता आधीच मोठी असते, कारण टार्पनच्या तोंडात मांसल भाग फार थोडा आणि हाडच अधिक. त्यात गळाचे टोक रुतायला जागा मिळत नाही आणि गळाला लागलेल्या टार्पनांपैकी बरेचसे अखेर सुटून जातात.

ट्रेव्हली उडी मारण्याच्या फंदात पडत नाही. तो गळ घेतो, वळतो आणि थेट जवळच्या खडकाकडे सूर मारतो. प्रवाळाची धार दोराला लागली की खेळ संपला, म्हणून त्याच्यासाठी जाड दोर वापरून रीळ इतके घट्ट आवळतात की माणसाला पाय रोवून उभे राहावे लागते. पहिल्या एक-दोन मिनिटांत जो निकाल लागतो तोच बहुधा शेवटचा ठरतो. टार्पनची झुंज मात्र तासभर, कधी त्याहूनही अधिक चालते.

तेव्हा पहिल्या मिनिटाच्या हिसक्याने मोजायचे असेल तर, लांबी सारखी धरून, माझे मत ट्रेव्हलीच्या बाजूने आहे आणि दमाने मोजायचे असेल तर टार्पनच्या. निसर्गाने या दोघांची गाठ कधी घातली नाही हेही लक्षात असू द्यावे. टार्पन अटलांटिकच्या दोन्ही काठांवर, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ब्राझीलपर्यंत आणि पश्चिम आफ्रिकेत सेनेगलपासून अंगोलापर्यंत राहतो. ट्रेव्हलीचा मुलूख तांबड्या समुद्रापासून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हिंदी महासागर ओलांडून जपान, ऑस्ट्रेलिया आणि हवाईपर्यंत पसरलेला आहे. पनामा कालव्यातून काही टार्पन पॅसिफिकच्या बाजूला उतरले आहेत खरे, पण ती माणसाने खोदून दिलेली वाट आहे.

प्रश्न : छायाचित्रात दोन्ही मासे चंदेरीच दिसतात. नवख्या माणसाने ते चटकन कसे ओळखावेत?

उत्तर : पाठीवरचे पर मोजावेत. टार्पनला पाठीवर एकच आखूड पर असतो आणि त्याचा शेवटचा काटा दोऱ्यासारखा मागे लोंबत असतो. ट्रेव्हलीला दोन पर असतात, पुढचा लहान आणि काटेरी, मागचा लांब. टार्पनचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे येऊन वर वळलेला असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर सदैव रुसल्यासारखा भाव दिसतो, तर ट्रेव्हलीचे कपाळ जवळजवळ उभे उतरलेले असते. मासा समोर असेल तर हातानेही ओळख पटते. मोठ्या टार्पनचा एकेक खवला तळहातात ठेवला तर तळहाताचा बराचसा भाग व्यापतो. ट्रेव्हलीचे खवले बारीक असतात, पण शेपटीच्या देठावरून मागून पुढे अंगठा फिरवला तर तिथल्या टोकदार कवचांच्या रांगेने तो सोलून निघेल, म्हणून हा प्रयोग जपून करावा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ट्रेव्हलीच्या मुलखात टार्पनचा एक धाकटा भाऊबंद राहतो, ज्याला इंडो-पॅसिफिक टार्पन म्हणतात. रूप तेच, परांची ठेवण तीच, पण आकाराने तो अटलांटिकच्या टार्पनपुढे फारच लहान. हिंदी महासागरातल्या छायाचित्राखाली नुसते ‘टार्पन’ लिहिलेले दिसले तर तो हाच, असे समजायला हरकत नाही.

प्रश्न : टार्पन हवेत श्वास घेतो असे आपण मागील अंकात एका ओळीत लिहिले होते. मग त्याला मासा म्हणावे की देवमाशासारखा प्राणी? आणि ट्रेव्हलीला हे का जमत नाही?

उत्तर : टार्पन हा निखालस मासाच आहे, त्याला कल्ले आहेत आणि तो त्यांचा वापरही करतो. हवेची सोय त्याला फुप्फुसाने नव्हे, तर वाताशयाने मिळते. बहुतेक हाडांच्या माशांच्या पोटात, पाठीच्या कण्याखाली, वायूने भरलेली एक पिशवी असते आणि पाण्यात हवे त्या खोलीवर तरंगत राहण्यासाठी तिचा उपयोग होतो. टार्पनमध्ये ही पिशवी एका नळीने अन्ननलिकेला जोडलेली असते, शिवाय तिच्या आतील अस्तराचा काही भाग स्पंजासारखा असून त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मासा पृष्ठभागावर येऊन घोटभर हवा गिळतो, ती पिशवीत जाते आणि तिच्यातला प्राणवायू थेट रक्तात उतरतो. शांत सकाळी उथळ पाण्यात टार्पनांचा थवा असेल तर एकामागून एक रुपेरी पाठी पाण्यावर अलगद कलंडताना दिसतात आणि त्यानंतर बुडबुड्यांची एक छोटी माळ वर येते. मासे शोधणारी माणसे याच खुणेकडे डोळे लावून बसतात. पाण्यात प्राणवायू भरपूर असला तरी मोठे टार्पन हे कलंडणे सोडत नाहीत.

ट्रेव्हलीच्या वाढलेल्या शरीरात वाताशयाचा अन्ननलिकेशी संबंध उरलेला नसतो. पिशवी सर्व बाजूंनी बंद असते आणि तिच्यात वायू भरणे किंवा काढणे हे काम रक्तामार्फत सावकाश चालते. त्याने पृष्ठभागावर येऊन कितीही तोंड उघडले तरी ती हवा पिशवीत पोहोचणार नाही.

झुंजीत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. दमलेला टार्पन मध्येच वर येतो, एक घोट हवा घेतो आणि जणू नुकताच गळाला लागल्यासारखा पुन्हा धावतो. म्हणून जाणकार माणसे तो वर येऊ लागला की काठी आडवी, पाण्यालगत धरून त्याचे डोके खाली दाबून ठेवण्याचा प्रयत्न करतात. या झटापटीला ताकदीपेक्षा वेळ साधण्याची गरज अधिक असते.

प्रश्न : जायंट ट्रेव्हली उडते पक्षी पकडतो, हे खरे मानावे का? की ती छायाचित्रणाची करामत आहे?

उत्तर : खरे आहे. सेशेल्समधील फार्कुहार या कंकणद्वीपाच्या उथळ पाण्यावर कुररी जातीच्या समुद्रपक्ष्यांची नवखी पिल्ले उडायला शिकत असताना ट्रेव्हली त्यांच्या सावलीमागे जातात, पाण्यावर बसलेले पिल्लू गट्ट करतात आणि कधीकधी खालून झेप घेऊन हवेतलेही टिपतात. २०१७ मध्ये बीबीसीच्या एका मालिकेत हे प्रथमच तपशिलात चित्रित होऊन जगभर पाहिले गेले. यात मला झेपेपेक्षा हिशेबाचे कौतुक वाटते. पाण्यातून हवेकडे पाहताना प्रकाशकिरण वाकतात आणि पक्षी असतो त्याहून वेगळ्या जागी दिसतो. शिवाय तो पुढे सरकत असतो. हे दोन्ही गृहीत धरून मासा नेमक्या जागी पोहोचतो.

जिथे कुणी दुसरा अन्न उकरून काढतो तिथे ट्रेव्हली हजर असतो. पाकट माशांच्या आणि शार्कच्या मागे तो फिरतो, आणि वायव्य हवाई बेटांजवळ सीलच्या पाठीवर लावलेल्या कॅमेऱ्यांत असे दिसले, की सील तळाचे दगड उलथून मासा बाहेर काढतो आणि शेजारी टपून बसलेला ट्रेव्हली तो पळवतो. त्याच्या वरच्या जबड्यात मोठे सुळे असतात आणि पकडलेले सुटू नये एवढेच त्यांचे काम. टार्पनला असले दात नाहीत. त्याच्या जबड्यावर हात फिरवला तर सॅंडपेपरसारखा खरखरीतपणा लागतो. वर वळलेल्या जबड्यामुळे तो भक्ष्याखाली येतो, तोंड एकदम उघडून पाण्यासकट कोळंबी, खेकडा किंवा मासा आत ओढतो आणि सबंध गिळतो.

जाता जाता नावाबद्दल. तांबड्या समुद्राच्या काठावर या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन करणारे पीटर फोर्स्कोल १७६३ मध्ये येमेनमध्येच वारले आणि त्यांच्या नोंदी १७७५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांनी या माशाला ‘इग्नोबिलिस’ म्हटले, म्हणजे लॅटिनमध्ये सामान्य कुळातला, मान नसलेला. ज्याच्यासाठी आज लोक अर्धी पृथ्वी ओलांडून जातात त्याच्या कपाळी हे नाव कायमचे चिकटले आहे.

प्रश्न : मासा वजनकाट्यावर न घालता त्याचे वजन सांगतात ते कसे?

उत्तर : टार्पनसाठी एक जुना अंदाज वापरात आहे. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे आणि, मापे इंचांत असतील तर, ८०० ने भागायचे. उत्तर पौंडांत मिळते. सेंटिमीटर आणि किलो हवे असतील तर भाजक सुमारे २९,००० धरावा. समजा, मासा १८० सेंटिमीटर लांब आहे आणि पाठीवरच्या पराच्या पुढे त्याचा घेर ९५ सेंटिमीटर आहे. ९५ चा वर्ग ९,०२५. त्याला १८० ने गुणले की १६,२४,५०० आणि २९,००० ने भागले की ५६ किलो. घेराचा वर्ग होत असल्यामुळे फीत जरा सैल धरली तरी वजन भलतेच फुगते, आणि मासे पकडणाऱ्यांची फीत सैल असण्याची प्रवृत्ती जगभर सारखीच आहे. ट्रेव्हलीच्या बाबतीत मात्र बरेच जण वजनाच्या भानगडीत न पडता नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी तेवढी नोंदवतात.

प्रश्न : हे मासे पकडून परत सोडून देतात. एवढी झुंज दिल्यावर ते जगतात का? आणि यांपैकी कोणत्या माशाची अधिक काळजी घ्यायला हवी?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: टार्पनची. फ्लोरिडाजवळच्या पाण्यात तो वयात यायला साधारण दहा वर्षे घेतो, तर हवाईतील अभ्यासांत ट्रेव्हली तीन-साडेतीन वर्षांत, लांबी ६० सेंटिमीटरच्या आसपास असतानाच प्रजननक्षम झालेला आढळला. टार्पनचे आयुष्यही तसेच लांब आहे. शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३५ मध्ये आणलेला एक टार्पन १९९८ पर्यंत, म्हणजे ६३ वर्षे जगला. मोठी मादी एका हंगामात एक कोटीहून अधिक अंडी बाळगते. ती अंडी किनाऱ्यापासून दूर, समुद्रबूड जमिनीच्या काठावर, बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सोडली जातात आणि त्यांतून निघालेल्या अळ्यांपैकी फारच थोड्या खारफुटीपर्यंत पोहोचतात. म्हणजे ६० किलोंची मादी गेली, तर तिची जागा भरून यायला दोन-तीन दशके लागतात, आणि पिल्ले जिथे वाढतात ती डबकी बुजवली तर ती जागा भरतच नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने टार्पनला ‘असुरक्षित’ या वर्गात ठेवले आहे. ट्रेव्हली अजून त्या यादीत कमी काळजीच्या वर्गात आहे. अर्थात हे जगभराचे चित्र झाले. हवाईच्या वस्ती असलेल्या मुख्य बेटांजवळ मोठे ट्रेव्हली जितके विरळ झाले आहेत, तितकेच ते निर्मनुष्य वायव्य बेटांजवळ विपुल आहेत; तेव्हा त्या वर्गावर विसंबून स्थानिक परिस्थितीकडे काणाडोळा करता येणार नाही.

फ्लोरिडात २०१३ पासून टार्पन पकडून सोडूनच द्यावा लागतो. विक्रमाच्या नोंदीसाठी मासा ठेवायचा असेल तर ५० डॉलरचा परवाना-बिल्ला घ्यावा लागतो, तोही माणशी वर्षाला एकच. ४० इंचांहून लांब टार्पन पाण्याबाहेर काढायचाच नाही, असाही तिथला नियम आहे, आणि मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एवढ्या जड माशाला जबड्याने धरून उभे टांगले, तर पाण्याने आजवर पेललेले वजन एकाएकी त्याच्या जबड्यावर, मणक्यावर आणि आतील अवयवांवर येते.

सोडलेले मासे जगतात का, याचे उत्तर झुंज किती लांबली आणि आसपास कोण आहे यांवर अवलंबून आहे. सोडलेल्या टार्पनच्या मृत्यूचे मोठे कारण शार्क आहे. दमलेला मासा हॅमरहेड किंवा बुल शार्कपासून पळू शकत नाही. म्हणून हलक्या काठीने तासन्‌तास खेळवण्यापेक्षा दणकट साहित्याने लवकर जवळ आणणे माशाच्या हिताचे असते, आणि शार्क दिसला तर दोर तोडून मासा मोकळा करणे हेच उत्तम. ट्रेव्हलीची झुंज आखूड असली तरी ती कल्ल्यांच्याच बळावर दिलेली असते, शिवाय हवेचा घोट घेऊन सावरण्याची सोय त्याला नाही. त्याला छायाचित्रासाठी खडकावर मिनिटभर आडवे ठेवणे म्हणजे धावून धापा टाकणाऱ्या माणसाचे नाक-तोंड दाबण्यासारखे आहे. त्याचे डोके वाहत्या पाण्याकडे करून, एका हाताने शेपटीचा देठ आणि दुसऱ्याने पोट आधारून धरावे. कल्ल्यांची झाकणे एका लयीत उघडू-मिटू लागली आणि शेपटीने हाताला हिसका दिला की पकड सोडावी. त्याआधी सोडू नये.